एका घासाने काय होते?

‘एका घासाने काय होते?’ हा प्रश्न आपल्याकडे उत्तराच्या अपेक्षेने कोणी विचारीत नाही. वाढणारा जिलब्यांचे ताट घेऊन पानापुढे वाकलेला असतो, जेवणारा दोन्ही हात पानावर आडवे धरून ‘नको, नको’ म्हणत असतो, आणि त्या दोघांच्या मध्ये हा प्रश्न टाकला जातो. त्याचे उत्तर ठरलेले आहे: हात बाजूला घ्यावयाचा. नाहीच घेतला, तर मागून कोणीतरी म्हणते, ‘आमच्या हातचे चालत नाही वाटते!’ आणि या वाक्यापुढे आपल्या मुलखात भल्याभल्यांचा टिकाव लागलेला नाही.

मी आग्रहाचा शत्रू नाही. पाऊस वारंवार दगा देणाऱ्या प्रदेशात मी वाढलो. पाहुणा उपाशी असला तरी ‘भूक आहे’ असे तोंडाने म्हणणे त्याला जिवावर येते, हे मी पाहिले आहे. अशा माणसाला आणखी एक भाकरी हवी असते आणि मागायची लाजही वाटते. यजमान ती बळेच वाढतो, पाहुणा कुरकुरत खातो, आणि दोघांचीही अब्रू राहते. आग्रहाची रीत बहुधा अशा दारिद्र्यातूनच आली असावी. ती श्रीमंतांच्या पंगतीत जाऊन पैजेची जिलबी झाली हा तिचा दोष नव्हे. म्हणून आग्रह म्हणजे निव्वळ अडाणीपणा असे म्हणणाऱ्या सुशिक्षितांशी माझे जमत नाही.

परंतु काही माणसे अशी आहेत की ज्यांच्या बाबतीत या प्रश्नाला खरोखरीचे उत्तर आहे. एका घासाने काय होते ते वैद्यकाला ठाऊक आहे, मोजून ठाऊक आहे. सिलिॲक नावाचा आजार ज्यांना आहे त्यांची ही गोष्ट. गहू, जव आणि राय या धान्यांत एक चिकट प्रथिन असते, त्याला ग्लुटेन म्हणतात. कणीक मळली की तिला ताण येतो, पोळी फाटत नाही, पाव फुगतो, ती याची करणी. तुम्हाआम्हाला ते पचते किंवा पचले नाही तरी बिनबोभाट निघून जाते. या माणसांच्या शरीराला मात्र ते शत्रू वाटते, आणि त्या शत्रूवर चालून जाताना शरीर आपल्याच लहान आतड्यावर घाव घालते. आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात. अन्नाचा रस ते शोषून घेतात. ते झडतात, सपाट होतात. मग माणूस जेवतो आणि उपाशी राहतो. मुलांची वाढ खुंटते, पोट पुढे येते, रक्त कमी होते. काहींना तर वरवर काहीच होत नाही, आतल्या आत झिजत राहतात. यावर औषध नाही. जन्मभर ग्लुटेन वर्ज्य करणे हाच उपाय, आणि तो केला तर अंकुर पुन्हा उगवतात.

वर्ज्य म्हणजे किती वर्ज्य? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका प्रयोगात असे दिसले की, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते. कणकेचा दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर हे झाले अर्धा ग्रॅम कणीक, म्हणजे पोळी लाटताना आपण पोळपाटावर जी चिमूट भुरभुरतो तेवढीसुद्धा नव्हे. आपल्या सरकारी नियमाप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकावयाच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये. यावरून घासाचा हिशेब वाचकांनी करावा.

हा आजार फार दुर्मिळ आहे असेही नाही. गव्हावर जगणाऱ्या उत्तर हिंदुस्थानात शंभरात सुमारे एकाला तो असतो, असे दिल्लीच्या आसपास झालेल्या पाहणीत आढळले. त्यांतल्या पुष्कळांना तो आपल्याला आहे याचा पत्ताच नसतो.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. पाचवीत आली तेव्हा तिसरीतल्या मुलीएवढी दिसे. जंतांची औषधे झाली, लोहाची झाली, कुलदैवताचे झाले; शेवटी मोठ्या शहरात रक्त तपासले, आतड्याचा कण काढून पाहिला आणि निदान झाले. तेव्हापासून तिचे घर ही एक प्रयोगशाळाच झाली आहे. पोळी, शेवया, रवा, मैदा, बिस्किट, पाव हे जाणार हे कोणालाही समजेल. पण हिंग जाईल असे कोणाला वाटले असते? बाजारात मिळतो तो हिंग पुष्कळदा निव्वळ हिंग नसतो. तो बांधण्यासाठी त्यात गव्हाचे पीठ घातलेले असते. म्हणजे चिमूटभर हिंगाच्या फोडणीची आमटी, जिला जगात कोणी गव्हाचा पदार्थ म्हणणार नाही, तीही संशयित ठरली. दिवाळीच्या फराळाचेच पाहा. करंजी, शंकरपाळे, चिरोटा, रव्याचा लाडू हे बाद. अनारसा तांदळाचा, तो पास. बेसनाचा लाडू पास. चकलीचे काय ते भाजणी करणारीला विचारावे. पण कढई एकच, तेल एकच! करंज्या तळलेल्या तेलात अनारसा पडला की त्याचेही पावित्र्य गेले. ‘पावित्र्य’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे; त्याच्याकडे पुढे यावयाचे आहे.

या आजाराचा इतिहासही आग्रहाच्या प्रश्नाशी विलक्षण रीतीने जोडलेला आहे. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली त्याचे नेमके वर्णन केले आणि बरे व्हावयाचे तर ते आहारानेच, असे भाकीत केले. कोणता आहार ते त्यांना कळले नव्हते. एका मुलाला रोज भरपूर शिंपल्या (मसल) खाऊ घातल्या. तो चांगला सुधारला, हंगाम संपताच पुन्हा आजारी पडला, आणि पुढच्या हंगामात काही केल्या शिंपल्यांना तोंड लावीना. पुढे १९२४ साली अमेरिकेत हास नावाच्या डॉक्टरांनी केळ्यांचा आहार सुरू केला. मुले सुधारली. सर्वांनी केळ्याचे गुण गाइले. पण त्या आहारात पाव बंद होता याचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही.

ते ध्यानी आणले विलेम डिके या डच बालवैद्याने. त्याचा पावावरचा संशय १९३० नंतरच्या दशकातलाच. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. पश्चिम हॉलंडची अन्नाची वाट जर्मनांनी अडवली. लोकांनी साखरेचे बीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. हजारो माणसे भुकेने गेली. आणि या सार्वत्रिक उपासमारीत डिकेकडच्या सिलिॲक मुलांची प्रकृती बिघडण्याऐवजी सुधारली! पाव नव्हता ना. पुढे बाहेरून मदतीचे पीठ आले, पाव पुन्हा मिळू लागला, शहराने आनंदाश्रू ढाळले, आणि ही मुले पुन्हा खंगू लागली. डिकेने १९५० साली उत्रेख्तच्या विद्यापीठाला प्रबंध सादर करून गव्हाचा दोष सिद्ध केला.

त्या पिठात पाठवणाऱ्यांची करुणा होती. ती खरी होती आणि तिने असंख्य जीव वाचविले. त्या करुणेला नावे ठेवणारा माणूस कृतघ्न म्हणावा लागेल. तरीही तोच पाव एका मुलाला जीवन आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलाला दुखणे होता. चांगुलपणाचे आपले नियम बहुतेकांकडे पाहून केलेले असतात. भुकेल्याला अन्न द्यावे, दिलेले अन्न नाकारू नये, अन्नाला नाव ठेवू नये, ताटात टाकू नये. हे नियम खोटे नाहीत. पण ते ‘बहुतेक’ या माणसासाठी केलेले आहेत आणि जेवायला नेहमी कोणीतरी ‘एक’ येतो. या एकाच्या पुढे नियमाने वाकावयाचे की एकाने नियमापुढे, असा हा पेच आहे.

माझे संस्कृत शाळेपुरते. भाषांतराच्या काठीने चालणारा मी वाटसरू आहे. तरी तैत्तिरीय उपनिषदाचे भाषांतर वाचताना मी एके ठिकाणी थबकलो. अन्नाची निंदा करू नये, हे व्रत आहे, असे तिथे सांगितले आहे आणि ते आपल्या घराघरांत पोचलेले आहे. परंतु त्याच उपनिषदात अन्न या शब्दाची फोड करताना असे म्हटले आहे की, जे खाल्ले जाते आणि जे प्राण्यांना खाते, ते अन्न. हा दुसरा अर्धा भाग आपल्या घरांत पोचला नाही. आपण अन्नाला देव केले आणि देवाला दात असतात हे विसरलो. आणखी एक गोष्ट. भृगू तप करतो तेव्हा अन्न हेच ब्रह्म असे त्याला प्रथम कळते. पण तो तिथे थांबत नाही, बाप त्याला पुन्हा तपाला पाठवतो आणि तो प्राण, मन, विज्ञान, आनंद असा चढत जातो. आपल्या पंगती मात्र पहिल्याच पायरीवर बसल्या त्या अजून उठलेल्या नाहीत.

आता एक गंमत पाहा. ‘आज माझी एकादशी आहे’ असे कोणी म्हटले, की वाढणारा हात जागच्या जागी थांबतो. ‘एका घासाने काय होते’ असे कोणी म्हणत नाही. उलट घरातली बाई लगबगीने वरई शिजत घालते, साबुदाणा असला तर खिचडी टाकते, राजगिऱ्याचा लाडू शोधते, उपासाचे तूप वेगळे ठेवलेले असते ते काढते. एका माणसासाठी वेगळी चूल करावयाची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तिचा त्रास वाटत नाही, पुण्य वाटते. पण ‘मला आजार आहे’ असे म्हटले की त्याच बाईच्या तोंडून ‘इतक्याशाने काही होत नाही हो, आमच्या माहेरी तर...’ अशी कथा सुरू होते. व्रतावर आपला विश्वास आहे, शरीरावर नाही. व्रत मोडले तर देव कोपेल ही भीती आपल्याला आपली वाटते. दुसऱ्याचे आतडे झडले तर ते त्याचे. (जाता जाता: साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा यांत कशातच ग्लुटेन नसते. माझी विद्यार्थिनी म्हणते, ‘सर, एकादशीला मी सगळ्यांसारखी असते.’)

देवाच्या प्रसादाचेही असेच. सत्यनारायणाच्या पोथीत कलावती प्रसाद न घेता धावते आणि नवऱ्यासकट नौका बुडते. ही कथा ऐकत वाढलेल्या बायका रव्याच्या शिऱ्याचा द्रोण नाकारणाऱ्या मुलीकडे कशा पाहतील ते सांगावयास नको. पण त्याच पोथीत प्रसादाची सामग्री सांगताना गव्हाचे पीठ, आणि ते नसेल तर तांदळाचे, अशी सोय करून ठेवलेली आहे. पोथी लिहिणारा वाचणाऱ्यांपेक्षा उदार होता. ख्रिस्ती धर्मात ही सोय इतकी सोपी नाही. आपल्या वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिकांना माहीत आहे की मिस्सेतली भाकर गव्हाचीच असावी लागते. २०१७ साली व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केले की ग्लुटेन पूर्णपणे काढून टाकलेली भाकर चालणार नाही, अत्यल्प ग्लुटेन असलेली चालेल; आणि ज्याला तेवढेही सोसत नसेल त्याने केवळ द्राक्षारस घ्यावा, तरी त्याचे काही उणे राहत नाही. मला या निर्णयातला ‘गहूच हवा’ हा हट्ट पटत नाही. पण दोन हजार वर्षांच्या एका संस्थेने आपल्या सर्वांत पवित्र घासाचा असा मिलिग्रॅमपर्यंत विचार केला, वेदीपाशी आलेल्या एका आजारी माणसासाठी केला, हे मात्र मला विलक्षण वाटते. आपल्या लग्नघरातल्या आचाऱ्याला कोणी एवढे विचारले आहे काय?

धान्याच्या मानापमानाचीही एक बाजू या आजारात आहे. आमच्या सोलापूरकडच्या भागात ज्वारीची भाकरी हे रोजचे अन्न. पोळी सणाची, पाहुण्याची. गहू घराघरांत रोजचा झाला तो अलीकडे. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू बोटींतून येऊ लागला, १९६६ साली मेक्सिकन गव्हाचे १८ हजार टन बियाणे आणले गेले, पंजाब पिकला, रेशनावर गहू आला, आणि दोन पिढ्यांत भाकरी गरिबांची ठरली. शाळेच्या डब्यात भाकरी आणणारी मुले ती झाकून खात, हे मी पाहिलेले आहे. आता हाच गहू ज्यांना बाधतो त्यांचे औषध म्हणजे ती झाकलेली भाकरी. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ. आमच्या आजोबांच्या घरी ही मुलगी जन्मली असती, तर आपल्याला काही आजार आहे हे तिला सणावारापुरतेच कळले असते. शहरात नाचणीच्या बिस्किटांचे पुडे चकचकीत कागदात दामदुपटीने विकले जातात आणि ज्यांना कसलाही आजार नाही अशी माणसे कंबर बारीक व्हावी म्हणून ‘ग्लुटेन सोडले’ असे सांगत हिंडतात. त्यांनी खुशाल सोडावे. पण त्यांच्या मौजेने एक नुकसान होते. रविवारी जिलबी खाऊन सोमवारी ग्लुटेन सोडणारा माणूस पाहिल्यावर, खरोखरीचा आजारी जेव्हा ‘नको’ म्हणतो तेव्हा त्याचेही नखरेच वाटू लागतात.

आता पावित्र्याकडे येतो. माझ्या मते या विषयातली खरी अवघड जागा ती आहे.

सिलिॲकच्या घरात तवा वेगळा ठेवावा लागतो. पोळपाट वेगळा, परात वेगळी, चाळणी वेगळी, पिठाचा डबा उंचावर. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर ते पीठ चालत नाही. दुसऱ्याच्या ताटातला हात आपल्या ताटाला लागू द्यावयाचा नाही. हे सारे वाचताना वाचकांना काही आठवले असेल. आपल्याकडे हे सारे पूर्वी होते. आतड्यासाठी नव्हते, जातीसाठी होते. शब्दसुद्धा तेच आहेत: ‘चालत नाही’. वैद्य जे क्रियापद वापरतो तेच सोवळ्यातला भटजी वापरीत असे. ज्या समाजात कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही यावरून माणसाची किंमत ठरत आली, ज्या समाजात एकनाथांचे मोठेपण सांगावयाचे तर ते कोणाच्या घरी जेवले हे सांगावे लागते, सहभोजनांची चळवळ करावी लागली, त्या समाजात ‘मला तुमच्या घरचे चालत नाही’ हे वाक्य निरोगी कानांवर पडत नाही. ते जखमेवर पडते.

हे तर्काने मला सुचले नाही, घडले. त्या मुलीची एक जिवलग मैत्रीण आहे. दोघी एका बाकावर बसतात. १४ एप्रिलला मैत्रिणीने तिला घरी नेले. घरी जयंतीची धामधूम, आजीने पुरणपोळ्या केलेल्या. आजीने मोठ्या हौसेने ताट पुढे ठेवले आणि मुलगी सवयीने म्हणाली, ‘आजी, मला हे चालत नाही.’

आजी काही बोलली नाही. ‘बरं’ म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. मैत्रिणीने मला सांगितले की आजीचा चेहरा असा तिने कधी पाहिला नव्हता. रागावलेला नव्हता, ओळखीचे काहीतरी पुन्हा दिसल्यासारखा होता. मुलीच्या लक्षात आले, पण काय ते नीट कळले नाही. तिचे घर गावातले, पूजाअर्चा चालणारे, या गोष्टी तिच्यापर्यंत कोणी पोचवलेल्या नाहीत. ती आत गेली आणि म्हणाली, ‘आजी, भाकरी आहे का?’ आजी म्हणाली, ‘पावण्याला का भाकर वाढत्यात व्हय?’ मुलीने विचारले, ‘ती कोणत्या तव्यावर केली?’ हा प्रश्न तर आणखीनच वाईट झाला. तेव्हा मैत्रीण मध्ये पडली आणि घाईघाईने सगळे सांगून टाकले: गव्हाने हिच्या आतड्याला जखम होते, पोळीच्या तव्यानेही होते, आपल्या शाळेत, हिच्या स्वतःच्या घरी, सगळीकडे हेच. आजीने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘गव्हानंच ना? आमच्या हातानं न्हाई?’

मग आजीने तवा राखेने घासला, दोनदा घासला, आणि ज्वारीची भाकरी थापली. मुलीने ती ठेच्याशी खाल्ली.

ही हकीकत मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा मतभेद झाला. एक सहकारी म्हणाले, ‘इतर कुठे नाही, पण तिथे तिने एक घास खायला हवा होता. समाजाचे ऋण आतड्यापेक्षा मोठे.’ बोलणे उदात्त होते. पण ज्यांना समतेसाठी स्वतःचे काही द्यावे लागत नाही ती माणसे दुसऱ्याचे आतडे चटकन देऊन टाकतात. आणि त्या आजीला काय हवे होते? तिने घास मागितला नाही. तिने एका प्रश्नाचे उत्तर मागितले. दुसरे एक सहकारी म्हणाले, ‘आजीने गैरसमज करून घ्यायला नको होता.’ हेही मला मान्य नाही. त्या म्हातारीने आयुष्यभर ‘चालत नाही’ चा एकच अर्थ पाहिला होता. तोच अर्थ तिने लावला, तर शब्दकोश तिने लिहिलेला नव्हता.

मुलीवर काही बंधन होते काय? माझ्या मते होते. घास घेण्याचे नव्हे, कारण सांगण्याचे. एखाद्या सधन यजमानाच्या लग्नात तिने नुसते ‘नको’ म्हटले आणि तो रुसला, तर त्याने रुसावे. त्याच्या रुसव्यात त्याचा मोठेपणा दुखावतो, माणूसपण नव्हे. पण जिथे आपल्या नकाराचा अर्थ इतिहासाने आधीच लिहून ठेवला आहे, तिथे नुसता नकार पुरत नाही. हे ओझे तिने निर्माण केलेले नाही, तरी ते तिने उचलावे लागते. चौदा वर्षांच्या मुलीला हे न्याय्य आहे काय असे कोणी विचारले, तर नाही असेच म्हणावे लागेल. सोवळे आणि हे पथ्य यांतला भेद सांगावयास सोपा आहे: सोवळे म्हणते ‘तू लांब हो’, पथ्य म्हणते ‘पीठ लांब ठेव, तू जवळ बस’. पण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. भेद दिसावा अशी वागणूक पथ्य पाळणाऱ्याकडून व्हावी लागते, आणि तो दिसला की मानावा एवढी तयारी वाढणाऱ्याची.

अशा आजाऱ्यांचा एक गुण, किंवा दुर्गुण म्हणा, मला काळजीत टाकतो. ती हळूहळू खोटे बोलू लागतात. ‘जेवून आले’, ‘आज उपास आहे’, ‘पोट बरे नाही’. खरे सांगून दहा मिनिटे साक्ष देण्यापेक्षा खोटे बोलून सुटणे सोपे जाते. काही तर यजमानाचे मन राखण्यासाठी मुकाट्याने खातात आणि मग दोन दिवस घरी पडून राहतात. त्याला कोणी सौजन्य म्हणते. मी त्याला सौजन्य म्हणणार नाही. ज्या प्रेमाला टिकण्यासाठी समोरच्याचे खोटे बोलणे लागते, ते प्रेम नसून खंडणी आहे. यजमानाने एवढेच विचारावे की ‘तुला काय चालते?’ आणि ‘काहीच नको, डबा आणला आहे’ असे उत्तर आले तर त्या डब्याला आपल्या पंगतीत पाट द्यावा. पण हा पाट देणे आपल्याला फार जड जाते. आपल्या घरी येऊन कोणी आपलाच डबा उघडला, की आपला अन्नदाता म्हणून असलेला अधिकार जातो. आपण नुसते सोबती उरतो.

ती मुलगी आता दहावीत आहे. उंची वाढली, गालांवर रंग आला, धावण्याच्या शर्यतीत उतरते. परवा तिची आई शाळेत आली होती. गुणपत्रक पाहून झाल्यावर थोडी घुटमळली आणि म्हणाली, ‘सर, पुढे स्थळे येतील तेव्हा हे सांगायचे की नाही?’ मी म्हटले, ‘अजून लहान आहे, शिकू द्या. आणि सांगायचेच. न सांगून रोज खाईल काय?’ बाई म्हणाल्या, ‘सांगितले तर कोण करून घेईल? घरात एकीसाठी वेगळा तवा कोण ठेवील?’ मी म्हटले, तुम्ही ठेवलात ना. त्यावर त्या हसल्या. आई ठेवते आणि सासू ठेवते यांत फरक आहे, हे त्यांनी मला सांगण्याची गरज नव्हती.

मग जाता जाता म्हणाल्या, ‘पोळ्या मात्र तिला शिकवल्यात हो. सासरी कराव्याच लागतील. सुरेख करते, अगदी पातळ. पीठ नाकातोंडात जायला नको म्हणून फडके बांधते, सगळ्यांच्या करते, मग हात कोपरापर्यंत धुते आणि आपली भाकरी थापते.’